खपली पडली, तरी दार उघडंच

१० हजारांत ८. एचआयव्ही असलेल्या आणि औषधं न घेणाऱ्या पुरुषाशी निरोधाशिवाय एकदा योनिसंभोग झाला, तर स्त्रीला लागण होण्याची शक्यता सरासरी एवढीच धरतात. आकडा वाचून हायसं वाटतं. पण ही सरासरी आहे. दोघांपैकी कुणाला परमा (गनोरिया), गर्मी (सिफिलिस) किंवा जननेंद्रियांवर फोड आणणारा हर्पिस असेल तर हिशेब बदलतो. एकट्या हर्पिसनेच लागण होण्याचा धोका सुमारे तिप्पट होतो.

फोड फुटला, कातडी उघडी पडली आणि विषाणू आत शिरला, असं आपण समजतो. ते अर्धंच खरं आहे. एचआयव्हीला आत येऊन भागत नाही, त्याला घर करायला सीडी४ नावाच्या पांढऱ्या पेशी लागतात. आणि जखम झाली की जंतूंशी लढायला नेमक्या याच पेशी तिथे धावत येतात. म्हणजे भिंत पडली तिथेच सावजांची गर्दी! संसर्ग देणाऱ्याच्या बाजूनेही असंच घडतं. मलावीत १९९७ साली मूत्रमार्गाचा दाह असलेल्या एचआयव्हीबाधित पुरुषांच्या वीर्यात हा विषाणू दाह नसलेल्या बाधितांच्या आठपट आढळला. दाहावर उपचार झाल्यावर तो उतरला.

मग गुप्तरोग बरे केले की एचआयव्हीही आटोक्यात येईल? टांझानियातल्या म्वांझा भागात १९९५ मध्ये तसंच दिसलं. दवाखान्यांत गुप्तरोगांवर नीट उपचार सुरू केल्यावर नवी लागण सुमारे ४० टक्क्यांनी घटली. त्यामुळे हर्पिसकडूनही तीच आशा होती. तीन हजारांहून अधिक लोकांवर असायक्लोव्हिर या हर्पिसवरच्या औषधाची चाचणी झाली. २००८ मध्ये निकाल आला तेव्हा फोड कमी झाले होते, एचआयव्हीची लागण मात्र कमी झाली नव्हती.

कोडं पुढच्या वर्षी बरंचसं उलगडलं. अमेरिकेतल्या सिएटलच्या संशोधकांनी फोड भरून आलेल्या जागेच्या कातडीचे बारीक तुकडे तपासले. वरून सगळं साफ होतं. आत मात्र सीडी४ पेशींचा तळ कित्येक आठवडे हललेला नव्हता, रोज गोळ्या घेणाऱ्यांमध्येसुद्धा.

पुण्यातल्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्यांवरच्या, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाशी हे जुळतं. हर्पिस नुकताच लागलेल्यांना एचआयव्हीचा धोका हर्पिस नसलेल्यांच्या जवळपास चौपट होता. जुना हर्पिस असलेल्यांना तो बराच कमी होता.

एक अडचण उरतेच. हर्पिस अनेकांना असतो आणि त्यांना पत्ताही नसतो. स्त्रियांचा परमा तर बहुधा गुपचूपच राहतो. त्यामुळे ‘मला काही होत नाहीये’ हा पुरावा धरू नये.

निरोधाशिवाय संबंध आला असेल आणि धास्ती वाटत असेल तर ७२ तासांच्या आत जिल्हा रुग्णालय किंवा एआरटी केंद्र (एचआयव्हीवरच्या उपचारांचं सरकारी केंद्र) गाठा. पीईपी म्हणजे २८ दिवसांच्या प्रतिबंधक गोळ्या जितक्या लवकर सुरू होतील तितक्या चांगल्या. लाजेपायी दोन दिवस घालवले तर हाती एकच उरतो. त्याच फेरीत गुप्तरोगांची तपासणीही मागून घ्या. कुठे जायचं कळत नसेल तर १०९७ ही हेल्पलाइन मोफत आहे. त्या दिवशीची एचआयव्ही चाचणी निगेटिव्ह आली तरी ती मागच्या काही आठवड्यांबद्दल फारसं सांगत नाही. समुपदेशक पुढची तारीख देतील, ती चुकवू नका.