ऑक्सिडीकरणजन्य हानी आणि मेंदूची ऊर्जा

ऑक्सिजनपासून निर्माण होणाऱ्या अतिक्रियाशील रेणूंमुळे चेतापेशींतील प्रथिने, मेद आणि डीएनए यांची झीज होऊन मेंदूची ऊर्जानिर्मिती खालावणे, ही अल्झायमर, कंपवात (पार्किन्सन) यांसारख्या ऱ्हासकारी आजारांतील एक महत्त्वाची विकृती आहे. मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के असले, तरी विश्रांतीच्या अवस्थेतही शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा त्याला लागते, आणि ग्लुकोजचा साठा मात्र त्याच्याजवळ अगदीच तुटपुंजा असतो.

पेशीतील तंतुकणिकांमध्ये (मायटोकॉन्ड्रिया) ऊर्जा तयार होत असताना इलेक्ट्रॉन पुढे पुढे सोपवणाऱ्या प्रथिनांच्या मालिकेतून, म्हणजे इलेक्ट्रॉन वहन साखळीतून, काही इलेक्ट्रॉन गळतात व ऑक्सिजनशी संयोग पावून सुपरऑक्साइड हा अतिक्रियाशील रेणू बनवतात. याचा पहिला घाव ऊर्जेच्याच वाटेवर बसतो. ग्लुकोजपासून ऊर्जा मिळवण्याच्या क्रेब्ज चक्रातील अ‍ॅकोनिटेज या विकराच्या (एन्झाइमच्या) लोह-गंधक केंद्रातून लोह सुटते, विकर निकामी होते आणि ते मोकळे लोह हायड्रोजन पेरॉक्साइडपासून त्याहून घातक असा हायड्रॉक्सिल मूलक घडवते. मेदांच्या ऑक्सिडीकरणातून निघणारी अल्डिहाइडे ग्लुकोज आत आणणाऱ्या प्रथिनांना आणि सोडियम-पोटॅशियम पंपाला चिकटून त्यांचे काम मंदावतात. साखळी अडली की गळती वाढते, व गळती वाढली की साखळी आणखी अडते. म्हणूनच आधी हानी की आधी ऊर्जेची तूट, या वादापेक्षा दोन्ही एकमेकींना पोसतात हे ध्यानात घेणे अधिक उपयोगाचे आहे.

ही साखळी अडल्याने कंपवातासारखी स्थिती उद्भवू शकते, याचा ठळक पुरावा १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातून पुढे आला. एमपीटीपी हे रासायनिक द्रव्य मिसळलेला अमली पदार्थ टोचून घेतलेल्या काही जणांना कंपवातासारखी लक्षणे जडली. या द्रव्यापासून मेंदूत बनणारे विष वहन साखळीचे पहिले संकुल (प्रथिनांचा पहिला गट) बंद पाडते. रोटेनोन हे कीटकनाशक तेच करते. पॅराक्वाट या तणनाशकाची रचना त्या विषाशी मिळतीजुळती आहे, पण त्याची रीत निराळी: ते पेशीतून इलेक्ट्रॉन उचलून ऑक्सिजनला देते आणि पुन्हा नव्याने उचलते, त्यामुळे अल्प मात्रेतूनही सुपरऑक्साइड तयार होत राहते.

जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या कपाशीच्या पट्ट्यात हा विषय केवळ प्रयोगशाळेचा राहत नाही, कारण पॅराक्वाट भारतात कपाशीतील तणांसाठी वापरले जाते आणि पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारा मजूर हातमोजे, मुखपट्टीविना काम करताना दिसतो. परदेशांतील काही अभ्यासांत रोटेनोन व पॅराक्वाट या दोन द्रव्यांचा संपर्क आणि कंपवात यांच्यात संबंध आढळला आहे. मात्र त्यावरून एखाद्या रुग्णाचा आजार फवारणीमुळेच झाला, असे सिद्ध होत नाही.

अल्झायमरमध्ये मेंदूच्या पार्श्विक (परायटल) व शंख (टेम्पोरल) भागांतील ग्लुकोजचा वापर घटल्याचे पीईटी (PET) या मेंदूच्या चित्रणात दिसते, आणि काही रुग्णांत तो स्मृतिभ्रंश स्पष्ट होण्याआधीच घटलेला असतो. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून घरोघरी सोडून दिले जाणारे विसरणे त्यामुळे तपासून घ्यायलाच हवे.

ऑक्सिडीकरण रोखणारी ई जीवनसत्त्व आणि कोएन्झाइम क्यू१० ही द्रव्ये वापरून पाहिली गेली, पण त्यांनी मोठ्या चाचण्यांत कंपवाताची वाढ रोखली नाही. हालचालींतील लक्षणे दिसू लागेपर्यंत हालचालींवर नियंत्रण ठेवणारे डोपामीन हे द्रव्य बनवणाऱ्या पेशींचा मोठा वाटा नष्ट झालेला असतो, हे त्यामागचे एक संभाव्य कारण मानले जाते.