कॉम्पोझिट व्हेनिअर

पुढच्या दातांच्या दर्शनी बाजूवर दाताच्याच रंगाच्या रेझिनचा (प्लास्टिकसारखा, कडक होणारा पदार्थ; दातात वापरतात त्या प्रकाराला कॉम्पोझिट म्हणतात) पातळ थर चढवून डाग, फट, तुटलेला कोपरा किंवा वेडावाकडा आकार झाकायची पद्धत. बरेच जण याला कॅपच समजतात, पण कॅपसाठी दात चारी बाजूंनी घासावा लागतो, इथे काम फक्त पुढून, आणि बऱ्याचदा दात जवळपास न घासताच होतं.

सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. बहुतेक ठिकाणी हॉलिवूडचे डेंटिस्ट चार्ल्स पिंकस यांचं नाव येतं, साल कुठे १९२८ दिलेलं असतं तर कुठे नुसतं १९३०चं दशक. ते नटनट्यांना शूटिंगपुरते दातांवर बसवायचे पातळ मुखवटे करून द्यायचे, कवळीच्या पावडरीने चिकटवलेले, शूटिंग संपलं की काढून ठेवायचे. आता याला व्हेनिअर म्हणायचं की मेकअप? दिसण्याची कल्पना पिंकस यांची हे मान्य, पण व्हेनिअर टिकतो तो चिकटण्यावर, त्यामुळे खरी सुरुवात १९५५ला धरणं जास्त पटतं. त्या वर्षी मायकेल बुओनोकोर यांनी इनॅमलवर (दाताचं बाहेरचं कडक आवरण) फॉस्फरिक अॅसिड लावलं की रेझिन घट्ट धरतं हे दाखवलं (त्यांचं अॅसिड ८५ टक्के होतं, आज साधारण ३७ टक्के वापरतात). मग राफेल बोवेन यांनी बिस-जीएमए नावाचं रेझिन बनवलं, पेटंट १९६२चं, आणि आजची बरीच कॉम्पोझिट त्याच घराण्यातली. प्रकाशाने कडक होणारी कॉम्पोझिट आधी अल्ट्राव्हायोलेटवर चालायची, निळा प्रकाश १९७०च्या दशकाच्या शेवटाकडे आला.

काम करताना शेड, म्हणजे रंगाची छटा, सगळ्यात आधी ठरवतात, दात ओला असतानाच, कारण सुकलेला दात उगाच पांढरा दिसतो. मग अॅसिड लावून धुतलं की इनॅमल खडूसारखं पांढरट दिसतं, त्यावर बाँडिंग एजंट (चिकटवणारा द्रव) आणि मग कॉम्पोझिटचे थरावर थर, प्रत्येक निळ्या प्रकाशाने कडक करत, खाली डेंटिनसारखा (इनॅमलच्या आतला भाग) गडद अपारदर्शक, वर इनॅमलसारखा अर्धपारदर्शक. थर २ मिमीपेक्षा जाड ठेवत नाहीत, नाहीतर प्रकाश तळापर्यंत पोचत नाही, शिवाय रेझिन कडक होताना थोडं आकसतं. रेझिनमधला कॅम्फरक्विनोन हा कडक होणं सुरू करणारा घटक साधारण ४७० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाने जागा होतो. हवा लागलेला सगळ्यात वरचा थर मात्र चिकटच राहतो, तो पॉलिशमध्ये जातो, आणि पॉलिश कच्चं राहिलं तर डाग लवकर धरतात. लॅबमध्ये करून आणून चिकटवायचा प्रकारही आहे.

टिकाऊपणा साधारण ५ ते ७ वर्षं सांगतात, पोर्सेलिनच्या (चिनी मातीसारख्या) व्हेनिअरपेक्षा कमी, पण टवका उडाला तर तोंडातच डागडुजी होते. हळद, चहा, तंबाखू, मिश्री यांचा रंग बसतो. रात्री दात खाणाऱ्यांना किंवा नखं कुरतडणाऱ्यांना सहसा जपूनच करतात.

चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडे बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडने दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे येतात, सौम्य असतील तर या पद्धतीने झाकता येतात. असं इनॅमल अॅसिडला दाद कमी देतं असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे, म्हणून तिथे अॅसिड जास्त वेळ ठेवावं म्हणतात.

ब्लीचिंग करायचं असेल तर ते आधी, कारण ब्लीचने कॉम्पोझिटचा मूळ रंग उजळत नाही. तेही साधारण दोन आठवडे आधी, दातात उरलेला ऑक्सिजन चिकटण्याला आडवा येतो.