अन्नपदार्थांच्या दाखल्यांतून रासायनिक प्रमाणांचे अध्यापन

रासायनिक अभिक्रियेत कोणता पदार्थ किती लागतो, कोणता आधी संपतो आणि कोणता किती उरतो, हे गणित स्वयंपाकातील किंवा खाद्यविक्रीतील प्रमाणांच्या आधारे शिकविण्याची पद्धत. जो अभिक्रियाकारक आधी संपल्याने अभिक्रिया थांबते तो मर्यादक अभिक्रियाकारक आणि मागे राहतो तो अतिरिक्त अभिक्रियाकारक होय. मुंबईच्या कनिष्ठ महाविद्यालयांत मात्र ‘लिमिटिंग रिएजंट’ हीच संज्ञा सर्रास वापरली जाते. या सगळ्या गणिताला स्टॉइकिओमेट्री असे नाव आहे.

हे नाव जर्मन रसायनज्ञ येरेमियास बेंजामिन रिक्टर (१७६२–१८०७) यांनी १७९२ मध्ये योजले. ‘मूलद्रव्य’ आणि ‘मोजमाप’ या अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांपासून ते बनले आहे. रसायनशास्त्रातील गणिताचा उपयोग हाच त्यांच्या १७८९ च्या प्रबंधाचा विषय होता. ठरावीक वजनाच्या आम्लाचे उदासिनीकरण करण्यास आम्लारीचे ठरावीकच वजन लागते, हे त्यांनी आकड्यांनिशी मांडले. त्यांचे लेखन क्लिष्ट असल्याने ते फारसे वाचले गेले नाही. एर्न्स्ट फिशर यांनी १८०२ मध्ये त्या आकड्यांचे एकच कोष्टक केले, तेव्हा त्यांचे महत्त्व लोकांच्या ध्यानात आले. श्रेयाचा प्रश्न तरीही गुंतागुंतीचा राहिला. स्वीडिश रसायनज्ञ बर्झेलियस यांनी या शोधाचे श्रेय जर्मन रसायनज्ञ कार्ल फ्रीड्रिख व्हेंझेल यांच्या १७७७ च्या ग्रंथाला दिले आणि बर्झेलियस यांच्या अधिकारामुळे ते मत अनेक पुस्तकांत उतरले. पुढे रसायनज्ञ जेर्मेन हेस यांनी ही चूक दाखवून दिली. व्हेंझेल यांच्या ग्रंथात हा निष्कर्ष नाही. त्यांचे आकडे उलट दिशेलाच झुकतात. त्यामुळे रिक्टर यांचाच पक्ष अधिक सबळ वाटतो. ‘जे सर्वांत अपुरे तेच वाढ रोखते’ या शेतीतील नियमाबाबतही असेच घडले. तो जर्मन रसायनज्ञ लीबिग यांच्या नावाने ओळखला जातो, पण कार्ल श्प्रेंगेल यांनी तो त्यांच्या आधी, साधारण १८२८ च्या सुमारास, मांडला होता.

खाद्यपदार्थांचा दाखला इंग्रजी पाठ्यपुस्तकांत सँडविचच्या रूपाने रुळला. अर्जेंटिनातील अध्यापकांनी २००३ मध्ये हॅम्बर्गरवर आधारलेला पाठ ‘जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन’मध्ये मांडला. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या संगणकीय प्रतिरूपांतही याच विषयाचा आरंभ सँडविचपासून होतो. मुंबईत हा दाखला पावाकडे वळणे स्वाभाविकच आहे. राज्य मंडळाच्या मराठी माध्यमात मोल (कण मोजण्याचे एकक) ही संकल्पना नववीत भेटते. मर्यादक अभिक्रियाकारकाची उदाहरणे अकरावीत येतात आणि नेमके तेव्हाच शिकण्याची भाषा इंग्रजी होते. नवी कल्पना आणि नवी भाषा एकदम अंगावर येतात. अशा वेळी ‘पुरले’ आणि ‘उरले’ हे घरचे दोन शब्द मोठा आधार देतात.

पहिले उदाहरण बहुधा वडापावचे दिले जाते, पण ते अपुरे आहे. एका पावाला एक वडा, म्हणजे प्रमाण एकास एक. त्यातून ‘जे संख्येने कमी ते आधी संपते’ असा चुकीचा ठोकताळा मुलांच्या मनात पक्का बसतो. पावभाजीने तो मोडतो. एका प्लेटीला दोन पाव आणि भाजीचा एक वाढप. गाडीवर ३० पाव आणि १८ वाढपांची भाजी आहे. भाजीचा आकडा लहान, तरी पंधरावी प्लेट गेली की पाव संपतात आणि तव्याच्या कडेला ओढून ठेवलेली तीन वाढपांची भाजी तशीच राहते. मालक पोऱ्याला बेकरीत पावाची लादी आणायला पिटाळतो, तो याच क्षणी. फळ्यावर हायड्रोजनचे दोन रेणू आणि ऑक्सिजनचा एक रेणू लिहिण्याआधी हा तवा डोळ्यांसमोर यायला हवा.

दुसरी अडचण वजनाची. मुंबईत केळी डझनावर मिळतात आणि बटाटे किलोवर. समीकरण डझनाची भाषा बोलते, तराजू किलोची. पाव ४० ग्रॅमचा आणि वडा ६० ग्रॅमचा धरला, तर २.४ किलो पाव म्हणजे ६० नग, पण तेवढ्याच वजनाचे वडे फक्त ४०. वजन सारखे असूनही वडे आधी संपतात आणि २० पाव उरतात. मोल हा असाच एक डझन आहे. फक्त त्यात सुमारे ६.०२२ गुणिले ‘१० चा तेविसावा घात’ (६.०२२ × १०²³) इतके कण असतात. २०१९ पासून ही संख्या व्याख्येनेच निश्चित केलेली आहे.

पावभाजीत पाव पावच राहतो आणि भाजी भाजीच. बंध तुटत नाहीत, नवा पदार्थ बनत नाही. म्हणून दाखला इथेच थांबवू नये. ढोकळ्यासाठी वापरतात त्या फ्रूट सॉल्टमध्ये खाण्याचा सोडा आणि सायट्रिक आम्ल (लिंबूसत्त्व) असते आणि तिथे खरी अभिक्रिया होते. सोड्याचे तीन रेणू आम्लाच्या एका रेणूला लागतात. दोन्ही ८.४ ग्रॅम घेतले, तर सोडा ०.१ मोल आणि निर्जल आम्ल सुमारे ०.०४४ मोल भरते. आम्लाची रेणुसंख्या निम्म्याहून कमी, तरी आधी संपतो तो सोडा, ४.४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो आणि सुमारे २ ग्रॅम आम्ल उरते. वडापावचा ठोकताळा आणि वजनाचा भ्रम, दोन्ही या एका उदाहरणात तपासता येतात.

ढोकळ्यात उरलेला पदार्थ डोळ्यांनाही दिसतो. सोडा जास्त पडला किंवा पिठात नीट फेटला गेला नाही, तर जिथे आम्ल पुरत नाही तिथे हळदीवर लालसर ठिपके उमटतात, कारण हळद आम्लारिधर्मी पदार्थाने लाल होते. ढोकळ्यावरचे ते लाल ठिपके म्हणजे अतिरिक्त अभिक्रियाकारकच.