पोल फिटनेसची पार्श्वभूमी : मल्लखांबाचे नाते आणि २०१७ची मान्यता

पोल फिटनेसच्या, म्हणजे उभ्या स्टीलच्या खांबावर चढून करायच्या व्यायामाच्या, वर्गाला जाऊ लागलेल्या मराठी मुलामुलींना घरच्यांची समजूत घालताना एक वाक्य फार उपयोगी पडते : ‘हे आपल्या मल्लखांबासारखेच आहे.’ वाक्य सोयीचे आहे आणि निम्मे खरेही आहे. मात्र उरलेल्या निम्म्या भागात या व्यायामप्रकाराचा खरा इतिहास आहे, आणि तो ठाऊक असला तर वर्गातल्या अनेक सूचनांचा उलगडा आपोआप होतो.

मल्लखांबाची जुनी कथा येथे पुन्हा सांगण्याचे कारण नाही. बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथातला उल्लेख, दुसऱ्या बाजीरावाच्या काळातले पुनरुज्जीवन आणि पुढे तालमींतून झालेला प्रसार वाचकांना परिचित आहे. येथे प्रश्न एवढाच आहे की त्या खांबाचा आणि आजच्या स्टीलच्या खांबाचा संबंध किती. पुरलेला मल्लखांब सागवानी किंवा शिसवी असतो, बुंध्याशी त्याचा घेर सुमारे ५५ सेंमी असतो, तो वर निमुळता होत जातो आणि त्याला एरंडेल तेल चोळलेले असते. तेलामुळे कातडी सोलवटत नाही, पण घर्षणाचा आधारही कमी होतो; म्हणून तेथे पकड मांड्यांच्या आणि पोटाच्या स्नायूंनीच धरावी लागते. पोलचा खांब याच्या उलट आहे. त्याचा व्यास स्पर्धांमध्ये ४५ मिमी ठरलेला आहे, तो जमिनीपासून छतापर्यंत सरळ आणि गुळगुळीत असतो, आणि त्यावर शरीर टिकते ते कोरड्या, उघड्या कातडीच्या घर्षणावर : गुडघ्याची लवण, कोपराची लवण, काख, कंबर आणि मांडीचा आतला भाग यांच्या आधारे. वर्गात आखूड चड्डी घालायला सांगतात आणि त्या दिवशी अंगाला तेल किंवा लोशन लावू नका असे बजावतात, त्याचे कारण हेच. एरंडेल माखलेला मल्लखांबपटू तसाच या खांबावर चढला तर तो पहिल्याच पकडीत खाली घसरेल. (चिनी सर्कशीतल्या खांबाची तऱ्हा आणखी निराळी आहे, त्यावर रबराचे आवरण असते आणि कलाकार अंगभर कपडे घालून चढतात.)

साम्य आहे ते हालचालींत. मल्लखांबावरची साधी अढी आणि पोलवरचा ‘इन्व्हर्ट’ (खांबावर उलटे होणे) शेजारी शेजारी पाहिले, तर हातांनी खांब धरून कंबर वर उचलणे आणि पायांची पकड घेऊन डोके खाली सोडणे हा क्रम बराचसा एकच दिसतो. पण ज्यांनी पोलवरच्या बहुतेक मूळ हालचाली बसवल्या, त्यांनी मल्लखांब पाहून त्या बसवल्या असे मानायला आधार नाही. उभ्या खांबावर माणसाचे शरीर मोजक्याच रीतींनी टिकते, त्यामुळे दोन परंपरांना एकच पकड स्वतंत्रपणे सापडणे यात आश्चर्य नाही.

पोलची खरी वंशावळ उत्तर अमेरिकेत शोधावी लागते. फिरत्या जत्रांच्या तंबूंतील मधल्या खांबाभोवती नर्तकी नाचत, तेथून ही कला निघाली अशी कथा वारंवार सांगितली जाते. १९८०च्या दशकापर्यंत मात्र कॅनडा आणि अमेरिकेतल्या स्ट्रिप क्लबांमध्ये (कपडे उतरवत नाच केला जातो अशा क्लबांमध्ये) खांब हा रंगमंचाचा नेहमीचा भाग झाला होता, आणि तेथे रात्रपाळीत काम करणाऱ्या स्त्रियांनीच गिरक्या, चढण्याच्या रीती आणि उलट्या पकडी एकमेकींकडून शिकत वाढवल्या. १९९०च्या दशकात कॅनडातील अशाच एका नर्तकीने सर्वसामान्य स्त्रियांना व्यायाम म्हणून हे शिकवायला सुरुवात केली आणि शिकवणीच्या चित्रफिती काढल्या. या शतकाच्या आरंभी लॉस एंजेलिसमध्ये एका अभिनेत्रीने वर्ग काढले, घरी बसवता येणारे सुटे खांब बाजारात आले, आणि पुढच्या काही वर्षांत ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, जपानपर्यंत स्टुडिओ आणि स्पर्धा पोचल्या. एकाच प्रकाराला दोन शिक्षकांकडून दोन नावे ऐकू येतात, तेव्हा नवशिक्याने गोंधळून जाऊ नये. नावे क्लबागणिक आणि देशागणिक पडत गेली, आणि ती एकत्र करणारी नियमावली फार उशिरा आली.

त्या नियमावलीभोवतीच सर्वांत मोठा वाद आहे. २००९ मध्ये पोलचा एक आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला आणि २०१२ मध्ये लंडनला त्याची पहिली जागतिक स्पर्धा झाली. क्लबातले नृत्य आणि क्रीडाप्रकार म्हणून पोल यांच्यात स्पष्ट भिंत उभी करणे, हे त्याचे उघड धोरण होते. उंच टाचांचे बूट बंद झाले, अंतर्वस्त्रांसारखा दिसणारा पोशाख बंद झाला, कामुक समजल्या जाणाऱ्या हालचालींना गुण कापले जाऊ लागले, आणि जिम्नॅस्टिक्सच्या धर्तीवर प्रत्येक सक्तीच्या प्रकाराला काठिण्यमूल्य ठरवून देण्यात आले. ऑक्टोबर २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा महासंघांच्या शिखर संघटनेने या महासंघाला निरीक्षक दर्जा दिला. हाताची कुस्ती, डॉजबॉल आणि टेबल फुटबॉल यांनाही त्याच वेळी तो मिळाला. वर्तमानपत्रांनी ‘पोल डान्स ऑलिम्पिकच्या उंबरठ्यावर’ अशा मथळ्यांनी ही बातमी रंगवली. वास्तविक निरीक्षक दर्जा ही पूर्ण सदस्यत्वाच्याही आधीची पायरी होती आणि ऑलिम्पिकचा प्रवेश हा सर्वस्वी वेगळ्या समितीचा विषय होता.

मान्यतेमुळे झालेला लाभ नाकारता येणार नाही. वयोगट, पंचांचे प्रशिक्षण, उत्तेजकविरोधी नियम आणि अपंग खेळाडूंसाठी स्वतंत्र गट, हे सारे या व्यवस्थेबरोबर रुजले. पालक मुलांना वर्गाला पाठवू लागले. परंतु या मान्यतेची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न क्लबात काम करणाऱ्या नर्तकींनी त्याही आधीपासून विचारला होता. २०१५च्या सुमारास हौशी विद्यार्थिनी आपल्या छायाचित्रांखाली ‘मी स्ट्रिपर नाही’ अशा अर्थाचा हॅशटॅग लावू लागल्या, तेव्हा क्लबातल्या स्त्रियांनी ‘मी आहे’ असे म्हणत तोच हॅशटॅग उलटवला. ज्यांच्याकडून पकडी शिकलो त्यांच्याशी आपला संबंध नाही असे जाहीर करून प्रतिष्ठा मिळवायची, हा त्यांचा आक्षेप होता आणि प्रस्तुत लेखकाच्या मते तो रास्त होता. भिंतीचा उपयोगही मर्यादितच ठरला : २०१९ मध्ये इन्स्टाग्रामने पोलशी संबंधित अनेक हॅशटॅग झाकले, तेव्हा क्रीडापटू, शिक्षिका आणि क्लबातल्या नर्तकी यांत त्याने काहीच फरक केला नाही, आणि पुढे कंपनीला माफी मागावी लागली. ज्या शिखर संघटनेच्या दर्जासाठी एवढी धडपड झाली, तिने २०२२ मध्ये स्वतःच्याच विसर्जनाचा निर्णय घेतला.

मल्लखांबाचे नाव या वादात शिरले ते मान्यतेची ही धडपड चालू असतानाच. खेळाला जुनी, पुरुषी आणि सोज्वळ वंशावळ हवी होती. मल्लखांब आणि चिनी खांब या दोन्ही परंपरा त्यासाठी पुढे करण्यात आल्या, आणि पाश्चात्त्य माहितीपत्रकांत ‘शेकडो वर्षांची परंपरा’ हे शब्द नेमाने येऊ लागले. गंमत अशी की मल्लखांब स्वतः त्या काळात वेगळ्याच वाटेने चालला होता. १९८१ मध्ये त्याची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, २०१३ मध्ये मध्य प्रदेशाने त्याला राज्यखेळ केले, फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईत शिवाजी पार्कला पहिली जागतिक स्पर्धा झाली, आणि २०२२ मध्ये पंचकुल्यात झालेल्या खेलो इंडिया युवा स्पर्धांत त्याचा समावेश झाला. पुरलेल्या खांबावर मुलींचे प्रमाण वाढले तेही अलीकडेच. पूर्वी त्यांच्या वाट्याला मुख्यतः दोरीचा मल्लखांब येई. म्हणजे पोलने पूर्वज म्हणून दाखवलेला खेळ त्याच दशकात स्वतःच नव्याने उभा राहत होता.

आज मुंबई, पुणे, बंगळूरच्या स्टुडिओंत जे शिकवले जाते, ते या सर्व प्रवाहांचे मिश्रण आहे. गिरक्या आणि वाहती लय क्लबातून आली आहे, तर ताणलेले पंजे आणि सरळ गुडघे नियमावलीतून. दोन्ही बाजूंनी सराव करण्याचा शिक्षकांचा आग्रह असतो. तो पाळावा, कारण एकाच खांद्यावर भार टाकत राहिले की तो खांदा काही महिन्यांत कुरकुर करू लागतो. चढायला शिकताना नडगीवर आणि पावलाच्या वरच्या बाजूला काळेनिळे डाग पडतात. कातडी सरावली की त्यांचे दुखणे बरेच कमी होते. उलटे होण्याची घाई करून उडी मारून पाय वर फेकण्यापेक्षा, खांबाला धरून गुडघे छातीशी सावकाश आणता येईपर्यंत थांबावे. मल्लखांबाची पार्श्वभूमी असलेल्यांना ही ताकद आयती मिळालेली असते, मात्र कोरड्या कातडीने पकडण्याची सवय त्यांनाही मुळापासून लावून घ्यावी लागते. घरी सुटा खांब बसवणाऱ्यांनी तो पीओपीच्या खोट्या छताखाली कधीही बसवू नये. असा खांब केवळ दाबावर उभा असतो आणि तो दाब काँक्रीटचा स्लॅब किंवा भक्कम तुळईच पेलू शकते. बसवल्यावर आधी पाय जमिनीवर ठेवूनच सर्व बाजूंनी ओढून पाहावा, आणि उलटे होण्याच्या सरावाला खाली जाड गादी व शेजारी जाणता माणूस असावा.

उंच टाचांचे बूटही आता परत आले आहेत. महासंघाने ते आपल्या स्पर्धांत बंद केले होते, पण अनेक स्टुडिओंनी त्यांच्यासाठी स्वतंत्र वर्ग काढले आहेत, आणि त्यांत शिकवणाऱ्या काही शिक्षिका आपण हे कोणाकडून शिकलो ते वर्गाच्या सुरुवातीलाच सांगतात.