‘धोकादायक’ लघुग्रह आणि ‘आदळणारा’ लघुग्रह: पूररेषा वेगळी, पूर वेगळा

सदलग्याकडं दूधगंगेकाठी घर घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, “पाणी येतंय काय इथं?” ‘येतंय’ म्हणाले म्हणून आज घरात पाणी नसतं. घर पूररेषेत असणं वेगळं आणि काळम्मावाडीतून सोडलेलं पाणी पायरीला लागणं वेगळं. हे आपल्याकडं पोराटोरांनाही कळतं. पण मोबाईलवर ‘धोकादायक लघुग्रह पृथ्वीकडे’ असं आलं की हीच समज हरवते, आणि माणसं खरोखर घाबरतात.

‘संभाव्य धोकादायक’ हा शिक्का म्हणजे पूररेषा. लघुग्रहाची कक्षा पृथ्वीच्या कक्षेपासून सुमारे ७५ लाख किलोमीटरच्या आत येत असेल आणि तो अंदाजे १४० मीटरपेक्षा मोठा असेल, तर हा शिक्का बसतो. आदळणार की नाही, याबद्दल तो काहीच सांगत नाही. ते गणित वेगळं. त्यात तारीख असते, शक्यतेचा टक्का असतो आणि धोका ० ते १० आकड्यांत सांगणारी तोरिनो मापपट्टी असते.

अपोफिस नावाचा लघुग्रह सुमारे ३४० मीटरचा. शिक्का आहेच. तो २०२९ मध्ये जमिनीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाणार, म्हणजे टीव्हीच्या उपग्रहांपेक्षाही जवळून. तरी २०२१ मधल्या रडार निरीक्षणांनंतर पुढची किमान १०० वर्षं तो आदळणार नाही हे नक्की झालं. उलट डिसेंबर २०२४ मध्ये सापडलेला २०२४ वायआर४ हा लघुग्रह जेमतेम ६० मीटरचा, त्या शिक्क्याच्या मापात न बसणारा. पण २२ डिसेंबर २०३२ ला तो आदळण्याची शक्यता फेब्रुवारी २०२५ मध्ये ३.१ टक्क्यांपर्यंत चढली आणि काही दिवसांतच जवळजवळ शून्यावर आली.

“आधी वाढली, मग एकदम गेली कशी? लपवत्यात काय?” मावशीनं विचारलं. मी ओसरीवर खडूनं १०० शेंगदाणे बसतील एवढी लांब रेघ ओढली आणि मध्ये एकच दाणा ठेवला. रेघ म्हणजे त्या दिवशी लघुग्रह जिथं जिथं असू शकतो ती जागा, दाणा म्हणजे पृथ्वी. शंभरात एक, म्हणजे १ टक्का. नवी निरीक्षणं आली, रेघ दोन्हीकडून पुसत ३३ दाण्यांएवढी केली. दाणा अजून रेघेतच, म्हणून ३ टक्के. आणखी पुसली आणि दाणा रेघेबाहेर राहिला. “मग दाणा सुटला की गा!” मावशी म्हणाली. लपवालपवी नाही, मोजणी नेमकी होत गेली, एवढंच.

समजा, कधी दाणा रेघेतच राहिला, तर? सप्टेंबर २०२२ मध्ये नासाचं डार्ट यान डिमॉर्फॉस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आपटलं. आधी त्याला मोठ्या सोबत्याभोवती फिरायला ११ तास ५५ मिनिटं लागत, ती ३२ मिनिटांनी कमी झाली. असा धक्का उपयोगी पडतो, पण वर्षानुवर्षं आधी द्यावा लागतो. म्हणून मला ती शिक्क्याची यादी मोलाची वाटते: ज्याच्यावर नजर ठेवायची तो आधीच ठाऊक असतो.

मावशीच्या मोबाईलवर १३ एप्रिल २०२९ म्हणून आलंय. आपल्या घड्याळात अपोफिस सर्वांत जवळ येईल १४ तारखेला, पहाटे सव्वातीनच्या सुमारास. आंबेडकर जयंतीची रात्र. “मग जागीच असणार मी,” ती म्हणाली आणि दाणा उचलून सुपात टाकला.