युद्धपूर्व मोटारी (कोकण किनारा)

दुसऱ्या महायुद्धापूर्वी बांधलेल्या, बहुधा गिऱ्हाइकाच्या फर्माइशीप्रमाणे बॉडी चढवलेल्या आलिशान मोटारी. त्यांचे प्रदर्शन, त्यांचे जतन आणि किनारपट्टीशी आलेला त्यांचा संबंध.

भारतातील पहिली मोटार १८९७ च्या सुमारास कलकत्त्यात आली, असे सामान्यतः मानतात. मुंबईत १८९८ मध्ये चार मोटारी आल्या आणि त्यांपैकी एक जमशेटजी टाटा यांची होती, असाही उल्लेख वारंवार येतो. मात्र ‘पहिला भारतीय मालक’ हा मान त्यांना देताना जपून लिहिलेले बरे. १९०८ साली मुंबई–कोल्हापूर मार्गावर झालेली मोटारींची चाचणी हा त्यामानाने भक्कम दुवा आहे. अंतर सुमारे ६२० मैल आणि वाटेत सहा घाट, असे तिचे वर्णन आढळते. एवढे अंतर जाऊन-येऊनचेच असणार. तीत ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नावाची रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्ट उतरली होती. पुढे ती ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी विकत घेतली. ही चाचणी कोकणातली, असा दावा काही वेळा केला जातो. पण बोरघाटाचा पायथा सोडला तर या मार्गाचा मोठा भाग घाटमाथ्यावरच पडतो. बोरघाटातून गाडीरस्ता १८३० मध्येच झाला होता. त्याच्या दक्षिणेस मात्र दर काही कोसांवर खाडी आडवी येई आणि लोक मुंबई गाठत ते आगबोटीने. जव्हार, जंजिरा आणि सावंतवाडी ही किनाऱ्याकडची संस्थाने बेताच्या उत्पन्नाची. त्यामुळे इंदूरच्या यशवंतराव होळकरांची ड्यूसेनबर्ग ही अमेरिकी मोटार किंवा राजकोटच्या संस्थानिकांची १९३४ ची रोल्स-रॉइस फँटम टू यांच्या तोडीच्या गाड्या इकडच्या नोंदींत शोधू नयेत.

रचना व गंज : या गाड्यांचा कारखाना बहुधा फक्त चासी (चाकांवरची खालची चौकट), इंजिन आणि रेडिएटर देई, बॉडी दुसरी पेढी बांधी. अ‍ॅश लाकडाचा सांगाडा आणि त्यावर ठोकलेला अ‍ॅल्युमिनियमचा किंवा पोलादी पत्रा, अशी ती असे. कोकणातल्या हवेत दुखणे सुरू होते ते नेमके या सांध्यापाशी. लाकूड पावसाळ्यात ओल धरते, पोलादी स्क्रू गंजतात आणि खाऱ्या ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियमला टेकलेले पोलाद विद्युत-रासायनिक क्रियेने पत्र्याला आतून पोखरते. बाहेरचा रंग शाबूत असतो. दाराची खालची कड बोटाने दाबली की आत भुगा लागतो. सापेक्ष आर्द्रता साधारण ६० टक्क्यांवर गेली की पोलाद झपाट्याने गंजू लागते आणि किनाऱ्यावर पावसाळ्यात ती दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर असते. ताडपत्रीने घट्ट झाकलेली गाडी यामुळेच उघड्या पडवीतल्या गाडीपेक्षा लवकर कुजते. गाडी घोड्यांवर (टेकूच्या तिवयांवर) चढवून टायरवरचा भार काढणे, पेट्रोल काढून टाकी कोरडी ठेवणे (इथेनॉल-मिश्रित पेट्रोल हवेतले पाणी ओढून घेते) आणि पंखा चालू ठेवणे हे साधे उपाय महागड्या लेपांपेक्षा उपयोगी पडतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

पाहताना : दिव्यांचा मुलामा आधी पाहावा. निकेलची झाक पिवळसर असते, क्रोमची निळसर. क्रोम १९२० च्या दशकाच्या अखेरीस रूढ झाले. त्यामुळे १९२२ च्या गाडीवर निळसर चकाकी दिसली तर मुलामा नंतरचा समजावा. निकेलच्याही आधीच्या गाड्यांना कार्बाइडच्या गॅसवर जळणारे पितळी दिवे असत आणि तो गॅस तयार करणारा डबा फूटबोर्डावर बसवलेला असे. सुकाणूच्या चक्राजवळची छोटी दांडी इंजिनातल्या ठिणगीची वेळ मागेपुढे करण्यासाठी असते, गिअरसाठी नव्हे. रोल्स-रॉइसच्या रेडिएटरवरील पंखधारी बाई चार्ल्स साइक्स यांनी १९११ मध्ये घडवली. त्याआधीच्या गाडीवर ती असेल तर नंतर बसवलेली.

संग्रह : कोकणातून निघणाऱ्यास अहमदाबादजवळ कठवाडा येथील प्राणलाल भोगीलाल यांचा संग्रह हा मोठा पर्याय, उदयपूरच्या राजघराण्याच्या गाड्या तेथील जुन्या गॅरेजात मांडल्या आहेत.

कायदा : १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते. २०२१ च्या केंद्रीय नियमांनी पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुन्या खासगी गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांचा वेगळा क्रमांक आणला. अशा गाडीचा रोजच्या वा धंद्याच्या कामासाठी वापर करता येत नाही.