आफ्रिकेतलं स्पाइक-रश भारतात आणायचंय? परवाना, कागदपत्रं आणि अर्ज अडतो त्या जागा

दक्षिण आफ्रिकेच्या पाणथळ जागांमध्ये वाढणारी एलिओकॅरिस, म्हणजे स्पाइक-रश, हल्ली अनेकांना हवी असते. कुणाला पाणबागेसाठी, कुणाला सांडपाणी शुद्ध करणाऱ्या कृत्रिम पाणथळीच्या प्रयोगासाठी, कुणाला निव्वळ संग्रहासाठी. लव्हाळ्याच्याच कुळातली ही वनस्पती. पानं नावापुरतीच असतात, बुंध्याशी आवरणासारखी चिकटलेली. बाकी सगळा कारभार हिरव्या काडीचा, आणि काडीच्या टोकाला एकच कणिस. वाढवायला ती अजिबात अवघड नाही. अवघड आहे ती कायदेशीर मार्गाने आणणं.

अर्ज नामंजूर होतात ते बहुतेक वेळा फी भरली नाही म्हणून किंवा सही राहिली म्हणून नव्हे. फॉर्म उघडण्याआधी तीन गोष्टी ठरवायला हव्या होत्या, त्या ठरलेल्याच नसतात: नेमकी जात कोणती, ती कोणत्या रूपात येणार (बी, गड्डा, मुळासकट रोप की ऊतिसंवर्धित म्हणजे टिश्यू कल्चरचं रोप) आणि ती मूळ कोणत्या देशातली. पुढचं सगळं या तीन उत्तरांवर ठरतं.

आधी पाहा, आणायची गरज आहे का

आफ्रिकेत आढळणाऱ्या एलिओकॅरिसच्या काही जाती भारतातही नैसर्गिकरीत्या वाढतात. ज्याचे गड्डे खातात ती एलिओकॅरिस डल्सिस, तिकोनी काडीची एलिओकॅरिस अक्युटँग्युला, छोटीशी एलिओकॅरिस जेनिक्युलाटा या त्यांतल्याच. काम पाणी गाळण्याचं किंवा काठ धरून ठेवण्याचं असेल, तर यांपैकी एखादी इथूनच मिळवा आणि महिन्यांची धावपळ वाचवा. आपल्याकडे ही जात आहे म्हणून आफ्रिकेतून आणायला परवाना लागणार नाही, असा उलटा अर्थ मात्र काढू नका. माल परदेशातून आला की नियम लागलाच.

एलिओकॅरिस लिमोसा किंवा एलिओकॅरिस ड्रेजियाना अशी दक्षिण आफ्रिकेकडची जात हवी असेल, तर पुढचं नीट वाचा.

कोणता कायदा, कोण पात्र

आयातीचा मूळ नियम म्हणजे 'प्लांट क्वारंटाइन (रेग्युलेशन ऑफ इम्पोर्ट इंटू इंडिया) ऑर्डर, २००३'. तो १९१४ च्या विनाशक कीटक व कीड कायद्याखाली काढलेला आहे. अंमलबजावणी करतं ते फरिदाबादचं वनस्पती संरक्षण, संगरोध (म्हणजे क्वारंटाइन) व साठवण संचालनालय. लागवडीसाठी येणारं कोणतंही बी किंवा रोप आयात परवान्याशिवाय देशात येऊ शकत नाही.

अर्जदार साधारण तीन प्रकारचे असतात. संशोधन संस्थेला जननद्रव्य (संशोधनासाठी किंवा जतनासाठीचं बी-रोप) म्हणून थोडा नमुना हवा असेल, तर परवाना नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोकडून, म्हणजे एनबीपीजीआरकडून मिळतो. त्यासाठीचा अर्ज पीक्यू (प्लांट क्वारंटाइन) ०८. नर्सरी किंवा कंपनीला लागवडीसाठी आणायचं असेल, तर अर्ज पीक्यू ०२. तिसरा प्रकार हौशी माणसाचा. नियमाने त्याला बंदी नाही, पण सवलतही नाही. प्रवासी सामानातल्या थोड्याशा फळं-भाज्या-फुलांना जी सूट असते, ती रोपांना आणि बियांना लागू नाही. बॅगेत ओल्या कापडात गुंडाळून आणलेला गड्डा विमानतळावर जप्त होतो. परदेशी विक्रेता 'सगळं आम्ही बघतो' म्हणाला, तरी परवाना आयात करणाऱ्याच्याच नावे लागतो आणि तो दुसऱ्याच्या नावे करता येत नाही.

एक चूक वारंवार दिसते. पीक्यू ०१ आणि पीक्यू ०२ यांत गल्लत होते. ०१ हा खाण्यासाठी किंवा प्रक्रियेसाठी येणाऱ्या मालाचा आहे. डल्सिसचे गड्डे भाजी म्हणून आणायचे असतील तर तो. तेच गड्डे लावायचे असतील तर ०२. भाजी म्हणून आणून कुंडीत लावणं हा पळवाटेचा मार्ग नाही, तो नियमभंग आहे, आणि पुढे त्याच नावाने दुसरा अर्ज केला की त्रास होतो.

परिशिष्टं: इथे सगळ्यात जास्त अर्ज अडतात

ऑर्डरला परिशिष्टं जोडलेली आहेत. चौथ्यात कुठून काय आणायला मनाई आहे ते. पाचव्यात जे फक्त ठरावीक संस्थांनीच आणायचं ते. सहाव्यात जे अतिरिक्त घोषणा (माल अमुक किडी-रोगांपासून मुक्त आहे अशी प्रमाणपत्रावरची विधानं) आणि विशेष अटींसह आणता येतं ते. सातव्यात मुख्यतः खाण्याच्या आणि प्रक्रियेच्या वस्तू. लागवडीसाठी आपल्या कामाचं सहावं.

लोक तिथे जातीचं नाव शोधतात, सापडलं की सुटकेचा श्वास टाकतात. तेवढ्यावर थांबू नका. त्या ओळीत पुढचे रकाने आहेत: वनस्पतीचा कोणता भाग आणि कोणता देश. एखादी जात अमुक देशातून ऊतिसंवर्धित रोप म्हणून मान्य असेल, तर त्याच जातीचं मुळासकट रोप दक्षिण आफ्रिकेतून आपोआप मान्य होत नाही. जात, भाग, देश हे तिन्ही एकाच ओळीत जुळले तरच नोंद आहे असं समजा. परिशिष्टांत वेळोवेळी दुरुस्त्या होतात, म्हणून कुणीतरी पाठवलेल्या जुन्या पीडीएफवर विसंबू नका.

नाव नसेल तर? मग कीड-जोखीम विश्लेषण, म्हणजे पीआरए. ते झाल्याशिवाय परवाना निघत नाही. त्यासाठी निर्यात करणाऱ्या देशाच्या वनस्पती संरक्षण यंत्रणेकडून त्या जातीवरच्या किडी-रोगांची माहिती यावी लागते. गहू, द्राक्षं, सफरचंद यांची यादी कुणाकडेही तयार असते. पाणथळीतल्या एका रानटी लव्हाळ्यावर कोणत्या किडी येतात, याची यादी सहसा कुणी केलेलीच नसते. ज्या वनस्पतीचा व्यापार नाही तिची कागदं कुठून येणार, हा प्रश्न अर्जदाराने विचारायचा आणि उत्तरही त्यानेच शोधायचं, अशी ही रचना आहे. लहान अर्जदारावर हा फार मोठा भार आहे आणि तो कमी व्हायला हवा. पण आज नियम असा आहे. म्हणून पीआरए लागणार असं दिसलं, तर एकट्याने लढू नका. त्या विषयावर काम करणाऱ्या विद्यापीठाबरोबर किंवा संशोधन संस्थेबरोबर जा.

जातीचं नाव: कुणाकडेच नसलेला कागद

अर्जावर, परवान्यावर आणि दक्षिण आफ्रिकेच्या फायटोसॅनिटरी प्रमाणपत्रावर (माल कीड-रोगमुक्त असल्याचा तिथला सरकारी दाखला) शास्त्रीय नाव लागतं, तेही तिन्हीकडे एकच. 'एलिओकॅरिसची एक जात' असं लिहिलेलं चालत नाही. आणि एलिओकॅरिसमध्ये नाव ठरवणं सोपं नाही. पानांवरून ओळखायला पानंच नाहीत. काडी आणि कणिस यांवरून अंदाज येतो, पण खात्री होते ती पिकलेल्या बारीक फळावरून. भिंगाखाली धरलं की त्याच्या डोक्यावर परागवाहिनीच्या बुंध्याची छोटी टोपी दिसते. तिचा आकार, फळाचा पृष्ठभाग आणि खालचे केसांसारखे काटे पाहून जात ठरते. कणिस कोवळं असेल तर तज्ज्ञही हात वर करतात.

म्हणून विक्रेत्याला किंवा तिकडच्या सहकाऱ्याला पहिल्याच पत्रात सांगा: पिकलेल्या कणसासह वाळवलेला नमुना तिथल्या हर्बेरियममध्ये, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहालयात, ओळखून घ्या आणि ते ओळखपत्र आम्हाला पाठवा. हा कागद फॉर्ममध्ये कुठेही मागितलेला नसतो. पण निरीक्षकाला शंका आली की पहिल्यांदा हाच लागतो.

तिकडचे कागद

दक्षिण आफ्रिकेत रानातून वनस्पती उचलायला जमीनमालकाची लेखी परवानगी हवी. शिवाय प्रांतानुसार निसर्ग संवर्धन विभागाचे नियम वेगळे आहेत. पश्चिम केपमध्ये परवाने केपनेचर ही तिथली निसर्ग संवर्धन संस्था देते. नमुना संशोधनासाठी किंवा जैवपूर्वेक्षणासाठी (व्यापारी उपयोग शोधण्यासाठी) जात असेल, तर तिथल्या २००४ च्या जैवविविधता कायद्याखाली निर्यात परवान्याचा प्रश्न येतो. जैविक संसाधनांचा वापर आणि त्याच्या लाभाची वाटणी यांविषयीच्या नागोया करारात दोन्ही देश सहभागी आहेत, त्यामुळे संशोधनासाठी नेतो आणि बागेसाठी नेतो असं दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहू नका. रोपवाटिकेत वाढवलेली रोपं घेतली तर यातला बराच गुंता सुटतो, आणि रानालाही धक्का लागत नाही.

फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र तिथली राष्ट्रीय वनस्पती संरक्षण संस्था देते. आपला भारतीय परवाना आधी त्यांच्या हाती पोचायला हवा, कारण परवान्यात लिहिलेल्या अतिरिक्त घोषणा त्या प्रमाणपत्रावर शब्दशः उतरवाव्या लागतात. 'माल निरोगी आहे' एवढं मोघम वाक्य पुरत नाही. खाडाखोड असेल, एखादा रकाना कोरा असेल किंवा एका कागदावरची माहिती दुसऱ्याशी जुळत नसेल, तर प्रमाणपत्र ग्राह्य धरलं जात नाही. माल निघण्याआधी त्याची प्रत मागवून स्वतः एकेक शब्द ताडून पाहा. माल विमानात बसल्यावर दुरुस्ती होत नाही.

सहा महिने कसे मोजायचे

परवाना निघाल्याच्या तारखेपासून सहा महिने चालतो. माल बुक केल्यापासून नाही, पैसे भरल्यापासून नाही. सबळ कारण लेखी दिलं तर आणखी सहा महिने मुदत वाढवून मिळू शकते, पण ती मुदत संपण्याआधी मागायची. संपल्यावर मागितली तर नव्याने अर्ज करावा लागतो. अर्ज निदान सात दिवस आधी करा असं नियमात आहे. सातव्या दिवशी परवाना मिळतो, असा त्याचा अर्थ अनेकजण घेतात. तसं काही आश्वासन त्यात नाही.

बी आणणाऱ्यांनी ऋतूही मोजावा. दक्षिण गोलार्धात उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी. आपला परवाना मे महिन्यात निघाला तर त्याचे सहा महिने तिकडच्या हिवाळ्यात आणि वसंतात जातात, आणि ताजं बी हाताशी येईपर्यंत कागद मेलेला असतो. आधी तिकडे विचारा, बी कधी पिकतं आणि कधी गोळा होतं. मग अर्जाची तारीख ठरवा.

चिखल

माती, वाळू, कंपोस्ट, पालापाचोळा यांतलं काहीही रोपांबरोबर येता कामा नये. पॅकिंगला गवत-पेंढाही नको. पाणथळीतल्या वनस्पतीसाठी हीच सर्वांत कठीण अट आहे, कारण तिच्या जाड आडव्या खोडाभोवती बारीक मुळांचं जाळं असतं आणि त्यात चिखल घट्ट बसलेला असतो. नुसतं नळाखाली धरून तो निघत नाही. मुळं पाण्यात भिजत ठेवून, पाणी बदलत, मऊ ब्रशने सोडवावी लागतात. जुनी काळी मुळं सरळ कापून टाकावीत. त्या चिखलात सूत्रकृमी असतात आणि दुसऱ्या तणांचं बीही असतं. आठव्या परिशिष्टात भारतात येऊ नयेत अशा तणांची यादी आहे, आणि तिच्यातलं एक बी सापडलं तरी सगळा माल अडकू शकतो. शक्य असेल तर सरळ बी मागवा. स्वच्छ, वाळलेलं, चाळलेलं बी तपासणीत रोपापेक्षा खूप सोपं जातं.

रोपच मागवत असाल तर पाठवणाऱ्याला एक सूचना द्या. काड्या छाटताना बुडापासून कापायच्या नाहीत, बोटभर लांबीच्या काही काड्या ठेवायच्या. या वनस्पतीच्या मुळांना हवा काड्यांतूनच खाली जाते. सगळ्या काड्या बुडाशी कापून नंतर गड्डा पाण्यात बुडवला, तर तो श्वास कोंडून सडतो. मग कागद सगळे बरोबर आणि रोप मेलेलं, असं होतं.

आल्यावर

लागवडीचा माल कुठल्याही बंदरातून येत नाही. अमृतसर, चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली अशा ठरलेल्या प्रादेशिक संगरोध केंद्रांमार्फतच तो आणता येतो, आणि परवान्यात लिहिलेलं ठिकाण आणि विमानाचं ठिकाण एकच असावं. तिथे नोंदणी, तपासणी, गरज पडल्यास प्रक्रिया, मग सुटका.

परवान्यात आयातोत्तर संगरोधाची, म्हणजे आल्यावर रोपं काही काळ वेगळी ठेवून निरीक्षणाखाली वाढवण्याची, अट असेल, तर जागा आधी तयार करून निरीक्षण अधिकाऱ्याकडून प्रमाणित करून घ्यावी लागते. जागा दाखवायच्या दिवशी नुसतं रिकामं शेड दाखवू नका. तळाला भोक नसलेल्या टाक्या, बाहेरच्या गटारात न जाणारं पाणी, बंद दार आणि नोंदवही एवढं तरी असू द्या. टाकीत चिकणमाती, वर दोन-चार सेंटिमीटर पाणी आणि भरपूर ऊन. खत जवळजवळ नकोच, नाहीतर शेवाळ माजतं. बी चिखलात पुरू नका, ओल्या पृष्ठभागावर पसरा. त्याला उजेड लागतो.

काड्यांची टोकं पिवळी पडली तर घाबरून उपटू नका, पण नोंदवहीत तारखेसह लिहा आणि अधिकाऱ्याला कळवा. लपवलेली पिवळी काडी पुढच्या भेटीत सापडते आणि मग सगळ्याच टाक्यांवर संशय येतो. छाटलेल्या काड्या, पिकलेली कणसं आणि काढून टाकलेला गाळ जाळून किंवा उकळून नष्ट करा. आडवं खोड जिथे जातं तिथे नवी काडी काढतं, आणि एलिओकॅरिसच्या काही जाती भातखाचरात तण म्हणून त्रास देतात. संगरोधातून लेखी सुटका हाती येईपर्यंत एकही काडी कुणाला द्यायची नाही, अगदी मागणारा जवळचा असला तरी. सुटका झाल्यावरही तळ्यात किंवा ओढ्यात सोडायची नाही. परवाना, प्रमाणपत्र, हर्बेरियमचं ओळखपत्र आणि सुटकेचं पत्र एकाच फाइलमध्ये ठेवा. रोपं पुढे विकायची किंवा दुसऱ्या संस्थेला द्यायची वेळ आली की हेच चार कागद मागितले जातात.